पोफळीची सावली : कुलाबा जिल्ह्यातील सुपारीच्या वाड्यांचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पूर्वीच्या कुलाबा व आजच्या रायगड जिल्ह्याचा कृषी इतिहास प्रामुख्याने भातशेतीच्या अंगाने लिहिला गेला आहे. खोती पद्धती, खारबंदिस्ती आणि १९३३ ते १९३९ या काळातील चरीचा शेतकरी संप हे विषय अभ्यासकांनी सविस्तर हाताळले आहेत व ते योग्यही आहे. कारण जिल्ह्यातील बहुसंख्य कुळांचे जीवन भातावर अवलंबून होते. मात्र याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांची एक अरुंद पट्टी शतकानुशतके नांदत आली आहे. तिचा उल्लेख निसर्गवर्णनात वारंवार येतो, इतिहासात क्वचितच येतो. वाडी ही जणू निसर्गाने दिलेली शोभा आहे, माणसाने घडविलेली व्यवस्था नव्हे, असा समज त्यामागे असावा.

प्रस्तुत लेखात या वाडीतील पोफळ या एकाच वृक्षाच्या आधारे हा समज तपासून पाहिला आहे. पोफळ हा सावलीत वाढणारा ताड कुळातील वृक्ष आहे. रोप असताना त्याला उन्हापासून आडोसा मिळाला नाही तर तो जगत नाही आणि हा आडोसा दुसऱ्या झाडांनी, म्हणजेच आधीच्या पिढीने लावलेल्या झाडांनी, द्यावा लागतो. या दृष्टीने पाहता सावली हेच वाडीचे मुख्य भांडवल ठरते. जमीन मोजता येते, झाडे मोजता येतात, विहीर दाखवता येते. सावलीची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात झाली नाही. या नोंद न होण्याचे परिणाम काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

पोफळीची लागवड आणि सावलीचे स्थान

इतिहासाकडे वळण्यापूर्वी लागवडीची पद्धत थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. कारण पुढील विवेचन तिच्यावर आधारलेले आहे. पोफळीचे रोप पूर्ण पिकलेल्या, सालासकट ठेवलेल्या फळापासून तयार करतात. निवडक झाडांची फळे वाळूच्या वाफ्यात देठाची बाजू वर ठेवून लावली जातात. साधारण दीड महिन्यात ती रुजतात. दोन-तीन पाने आल्यावर रोपे दुसऱ्या वाफ्यात हलवतात व त्यावर मांडव किंवा केळीची सावली धरतात. बारा ते अठरा महिन्यांचे रोप कायम जागी लावले जाते. आज कृषी संस्था दोन झाडांत २.७ मीटर अंतर ठेवण्याची शिफारस करतात. या अंतराने एका हेक्टरात सुमारे १३७० झाडे बसतात.

कायम जागी लावल्यानंतरही रोपाची सावलीची गरज संपत नाही. विशेषतः दक्षिण व पश्चिम दिशेचे उतरते ऊन कोवळ्या खोडाला भाजून काढते. त्यावर चिरा पडतात आणि असे झाड पुढे वाऱ्यात मोडते. म्हणून नव्या लागवडीत पोफळीच्या आधी केळी लावतात. जुन्या वाडीत याची गरज भासत नाही. तेथे उंच नारळांच्या झावळ्यांतून गाळून येणारा प्रकाश मधल्या थरातील पोफळींवर पडतो, पोफळींच्या अंगावर मिरीचा किंवा नागवेलीचा वेल चढतो आणि तळाशी केळ, जायफळ, अननस यांसारखी पिके राहतात. वठलेल्या झाडाच्या शेजारी वेळीच नवे रोप लावले जाते. त्यामुळे नीट राखलेली वाडी कधीही एका वयाची नसते. तिच्यात आजा, बाप व नातू एकाच वेळी उभे असतात.

पोफळीला पाचव्या ते सातव्या वर्षी फळ धरते व पूर्ण उत्पन्नास याहूनही अधिक काळ लागतो. पुढे कित्येक दशके ती फळत राहते. पायात दोरीचा फास अडकवून चढणारा गडी एका झाडाचे घड उतरवून झाल्यावर खोड झुलवून शेजारच्या झाडावर जातो. झाडे दाट व सारख्या उंचीची असली तरच हे कसब शक्य होते. सुपारी सव्वा ते दीड महिना उन्हात वाळवून सोलली जाते. श्रीवर्धनचा ‘रोठा’ हा आकाराने मोठा व आतून अधिक पांढरा असल्याने बाजारात नावाजला गेला. पानाच्या बुंध्याशी असणारी विरी ही देखील वाया जात नाही.

वाङ्मयीन व ऐतिहासिक उल्लेख

पोफळ आणि वेल यांची जोडी भारतीय वाङ्मयाला प्राचीन काळापासून परिचित आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील सहाव्या सर्गात मलय प्रदेशाच्या वर्णनात तांबूलवल्लींनी वेढलेल्या पूगवृक्षांचा उल्लेख येतो. हे वर्णन कोकणचे नसले तरी एका झाडाच्या आधाराने दुसरे वाढविण्याची ही रीत पश्चिम किनाऱ्यावर किती जुनी असावी, याची कल्पना त्यावरून येते.

कुलाबा किनाऱ्यापुरते बोलायचे तर अरब प्रवासी अल् मसूदी हा हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, सैमूर येथे होता. सैमूर म्हणजे आजचे चौल होय. त्याच्या वृत्तांतात पान व सुपारी खाण्याच्या चालीची चर्चा येते आणि ही चाल अरबस्तानातही पसरल्याचे तो नमूद करतो. चौलसारख्या बंदरात उतरणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याला सुपारी ही लक्षात राहण्याजोगी वस्तू वाटली, ही बाब महत्त्वाची आहे. पुढे १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या संवादरूप ग्रंथातही सुपारीवर स्वतंत्र प्रकरण आहे.

स्थलनामांचा पुरावाही येथे विचारात घ्यावा लागेल. शके ९८२ (इ. स. १०६०) च्या मराठी ताम्रपटामुळे अभ्यासकांना परिचित असलेले दिवेआगर हे गाव आणि अलिबागच्या परिसरातील ‘अष्टागर’ ही संज्ञा यांत ‘आगर’ हा शब्द आहे. कोकणात आगर म्हणजे बागायतीची जागा आणि आगर म्हणजे मीठ पिकविण्याची जागाही. एकाच शब्दाने दोन भूदृश्ये ओळखली जातात. दोन्ही ठिकाणी माणसाने पाणी अडवून, वळवून व राखून उत्पन्न घेतले आहे, हे त्यांतील समान सूत्र होय.

मराठेशाहीच्या काळात या किनाऱ्याचे राजकीय महत्त्व वाढले. अष्टागरावर आंग्र्यांची आणि श्रीवर्धन परिसरावर जंजिऱ्याच्या सिद्दीची सत्ता होती. पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचे घराणे श्रीवर्धनचे होते. या काळातील झाडांविषयीची राज्यकर्त्यांची दृष्टी रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दिसते. आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा, फणस अशा झाडांना रयतेच्या राजीखुशीशिवाय हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असा त्या आज्ञेचा आशय आहे. झाडाची किंमत त्याच्या लाकडात नसून त्यात गेलेल्या काळात आहे, हा विचार येथे स्पष्टपणे मांडलेला आढळतो.

किनाऱ्याची पट्टी आणि पनवेल

वाड्या किनाऱ्यालाच का आल्या आणि त्याच जिल्ह्यातील पनवेलच्या खाडीकाठी त्यांचे तेवढे प्राबल्य का झाले नाही, हा प्रश्न पनवेलमध्ये राहून या विषयाचा विचार करणाऱ्यास टाळता येत नाही. उत्तर पाण्यात आहे. अलिबाग, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन येथे समुद्रालगतच्या पुळणीमागे वाळूमिश्रित जमीन आहे. पावसाचे गोडे पाणी तीत मुरते व खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. त्यामुळे उथळ विहिरीलाही गोडे पाणी लागते. या विहिरींवर रहाट बसविले गेले. बैल वा रेडा फिरत राही, पोहऱ्यांतून पाटात पाणी पडे आणि पाटाने ते आळ्याआळ्यांत जाई. पोफळीची मुळे जमिनीच्या वरच्या थरातच राहत असल्याने उन्हाळ्यात तिला थोडे पण नियमित पाणी लागते. रहाटाची संथ चाल या गरजेला अनुरूप होती आणि ती विहिरीतील गोड्या पाण्याचा थर ओरबाडून काढीत नव्हती.

पनवेलची भूमी वेगळी आहे. येथे पुळण नाही. खाडीचा चिखल आहे. बांध घालून खाजणातून काढलेली भातशेते, मिठागरे आणि बंदर ही पनवेल-उरण परिसराची जुनी ओळख होय. येथील आगर मिठाचे, अलिबागेचे आगर सावलीचे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पनवेलचे महत्त्व मुख्यतः वाहतुकीचे होते. मुंबईहून पडावाने पनवेलला उतरायचे व तेथून घाट चढायचा, हा पुण्याकडे जाण्याचा प्रमुख मार्ग होता. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर या मार्गाला अधिकच महत्त्व आले. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि पनवेलची ही भूमिका ओसरू लागली.

प्रशासकीय विभागणीमुळेही या दोन आगरांचा एकत्र विचार झाला नाही. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला, परंतु पनवेल १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. परिणामी १८८२-८३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये पनवेलचे वर्णन ठाण्याच्या खंडात व अष्टागराचे वर्णन कुलाबा-जंजिऱ्याच्या खंडात सापडते. श्रीवर्धन तर १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानातच होते. किनाऱ्याची सलग हिरवी पट्टी अशा रीतीने तीन दप्तरांत विभागली गेली.

वाडीची मोजणी

ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात जमीन महसुलाची जी पाहणीपद्धती रूढ झाली, तिचे स्वरूप गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने निश्चित केले. या पद्धतीत जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येकास क्रमांक दिला गेला, मातीची प्रत आण्यांत ठरविली गेली आणि जिरायत, भात व बागायत असे वर्ग केले गेले. आकार एकरावर बसे व सामान्यतः तीस वर्षांसाठी कायम राही. रयतेने स्वखर्चाने केलेल्या सुधारणांमुळे आकार वाढवू नये, हे तत्त्वही पुढे मान्य झाले.

हे तत्त्व रयतेच्या हिताचे होते, यात शंका नाही. परंतु त्याची एक बाजू दुर्लक्षित राहिली आहे. जे करपात्र नसते त्याची नोंद ठेवण्याचे सरकारला कारण उरत नाही. वाडीतील पिढ्यानपिढ्यांची भर, म्हणजे झाडांचे वय, त्यांची मांडणी, त्यांनी धरलेली सावली, ही कराच्या कक्षेबाहेर राहिली आणि म्हणून नोंदीच्याही बाहेर राहिली. वाडीवाल्याचा कर वाचला. पण त्याच्या श्रमाचा पुरावाही दप्तरात उतरला नाही.

दुसरी अडचण आकाराची. भातशेत एकरांत बोलते, वाडी गुंठ्यांत. दहा-पंधरा गुंठ्यांच्या वाडीवर एखाद्या कुटुंबाचा वर्षाचा वरखर्च निघू शकतो, कारण तेथे एकाच जमिनीवर तीन-चार थर उभे असतात. क्षेत्रफळ मात्र तळाचेच मोजले जाते. शिवाय सातबाऱ्यावर एकाच वाडीत अनेक सहहिस्सेदारांची नावे असणे कोकणात नित्याचे आहे. त्यांतील काही मुंबईस, काही पुण्यास. प्रत्यक्ष शिंपणे करणारा एक आणि कागदावर धनी आठ, अशी स्थिती असते.

स्वातंत्र्योत्तर काळात फलोत्पादनाला सरकारी उत्तेजन मिळाले. १९७२ मध्ये दापोली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. नारळ-सुपारीच्या बागेत मसाल्याची पिके घेण्याची ‘लाखी बाग’ ही त्या विद्यापीठाची संकल्पना म्हणजे वाडीच्या जुन्या थरव्यवस्थेलाच दिलेले शास्त्रीय रूप होय. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीमुळे कोकणातील डोंगरउतार आंबा व काजूखाली आले. परंतु ही उघड्यावर, एका वेळी, एका पिकाची लागवड होती. सावलीत, हळूहळू व मिश्र वाढणारी वाडी या योजनेच्या चौकटीत सहज बसणारी नव्हती.

३ जून २०२०

नोंदीतील या उणिवेची किंमत किती मोठी असते, हे निसर्ग चक्रीवादळाने दाखवून दिले. ३ जून २०२० रोजी दुपारी हे वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता व झोत १२० पर्यंत जात होते. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातील नारळी-पोफळी अक्षरशः आडव्या झाल्या. उंच नारळ पडताना खालच्या पोफळींनाही घेऊन पडले.

शासनाने फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये मदत जाहीर केली. पूर्वीच्या दरांच्या तुलनेत ही वाढ मोठी होती. पण हेक्टर म्हणजे जवळपास शंभर गुंठे. त्यामुळे गुंठ्याला सुमारे ५०० रुपये झाले. दहा गुंठ्यांची वाडी संपूर्ण गमावलेल्या कुटुंबाला या हिशेबाने पाच हजार रुपये मिळणार होते. शिफारशीच्या अंतराने हेक्टरी १३७० पोफळी धरल्या तर एका झाडामागे ३६-३७ रुपये पडतात. जुन्या वाड्यांत झाडे याहून दाट असतात, म्हणजे तेथे झाडामागची रक्कम आणखी खाली येते. बागायतदारांनी याविषयी नाराजी व्यक्त केल्यानंतर झाडांच्या संख्येवर मदत देण्याचा निर्णय झाला व नारळाच्या झाडास २५० रुपये, सुपारीच्या झाडास ५० रुपये असा दर ठरला. क्षेत्राऐवजी झाड हे मोजमाप स्वीकारले जाणे ही इतिहासदृष्ट्या महत्त्वाची घटना मानावी लागेल. दीडशेहून अधिक वर्षे रूढ असलेल्या क्षेत्रमापनाला वाडीने प्रथमच आपले मोजमाप घ्यायला लावले.

तरीही मूळ प्रश्न शिल्लक राहिला. झाडाची संख्या मोजली गेली. वय मोजले गेले नाही आणि सावली तर नाहीच. भातशेत बुडाले तर पुढल्या पावसाळ्यात पुन्हा लावता येते. पोफळीची वाडी पडली तर रोपे आणून लगेच लावता येत नाहीत; कारण ज्या सावलीत ती वाढायची तीच नाहीशी झालेली असते. आधी पडलेली खोडे उचलायची, मग केळी लावायची, ती वाढू द्यायची, त्यांच्या आडोशाला पोफळीची रोपे लावायची, त्यानंतर पाच-सात वर्षे वाट पाहायची. नारळाची वरची छत्री पुन्हा उभी राहण्यास याहून अधिक काळ लागतो. शिवाय अशी लागवड एकाच वयाची होते. ज्या वाडीत नातू-आजा एकत्र उभे होते तेथे आता सगळेच नातू. पुढचे वादळ आले तर तोटाही एकाच वेळी होणार. ‘आज्ञापत्रा’ने अठराव्या शतकाच्या आरंभी जे ओळखले होते ते एकविसाव्या शतकातील मदतीच्या कोष्टकात उतरू शकले नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

बदलते संदर्भ

वाडीच्या भवितव्याचा विचार करताना आणखी दोन बाबींकडे दुर्लक्ष करता येणार नाही. पहिली बाब सुपारीच्या सेवनाची. मंगलकार्यात सुपारी गणपतीचे प्रतीक म्हणून पूजली जाते. लग्न ठरले की सुपारी फुटते. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली. म्हणून वाडीच्या रक्षणाचा आग्रह हा सुपारी खाण्याचा पुरस्कार होऊ शकत नाही. उलट सुपारी हे वाडीतील अनेक उत्पन्नांपैकी एक उत्पन्न आहे, ही गोष्ट येथे उपयोगी पडते. जायफळ, मिरी, दालचिनी यांनाही तीच सावली लागते. पीक बदलले तरी सावलीची व्यवस्था टिकू शकते.

दुसरी बाब जमिनीची. मुंबईची जवळीक आणि पर्यटन यांमुळे अलिबाग परिसरातील वाडीच्या जमिनीला उत्पन्नापेक्षा कितीतरी अधिक भाव आला आहे. पनवेलने ही प्रक्रिया आधी अनुभवली आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यापासून खाडीकाठची भातशेते व मिठागरे नगरात रूपांतरित होत गेली आणि २०१६ मध्ये येथे महानगरपालिका आली. या नव्या पनवेलमधील इमारतींच्या प्रवेशद्वारी व सज्जांत ‘अरेका पाम’ म्हणून जी कुंडीतली झाडे ठेवलेली दिसतात, त्यांचा पोफळीशी केवळ नावाचा संबंध आहे. मलबारातील ‘अडक्का’ या शब्दावरून पोर्तुगीजांनी ‘अरेका’ केले आणि लिनियसने १७५३ मध्ये पोफळीच्या शास्त्रीय नावात ते स्थिर केले. कुंडीतले झाड मात्र मादागास्कर बेटावरचे, वेगळ्या प्रजातीचे आहे. सावलीत राहणारा ताड आपल्या घरात असावा ही हौस नगरवासीयांत आहे. ज्या झाडाचे नाव त्या हौसेने घेतले, ते झाड शंभर किलोमीटरांवर सावलीवाचून उभे राहण्याची धडपड करीत आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. कुलाबा किनाऱ्यावरील सुपारीची वाडी ही नैसर्गिक शोभा नसून गोड्या पाण्याच्या उथळ साठ्यावर पिढ्यांच्या श्रमाने उभारलेली थरांची व्यवस्था आहे. या व्यवस्थेतील निर्णायक घटक सावली हा असून तो विकत आणता येत नाही, वारशाने मिळतो. एकोणिसाव्या शतकातील महसूलपद्धतीने क्षेत्र हे एकमेव मोजमाप मानल्यामुळे हा वारसा नोंदला गेला नाही. त्याचा परिणाम २०२० च्या आपत्तीत मदतीच्या हिशेबावर झाला.

यातून एक साधी सूचना करता येते. श्रीवर्धन, मुरूड व अलिबाग तालुक्यांतील शिल्लक वाड्यांची झाडांच्या वयानुसार व थरानुसार नोंद आताच होणे आवश्यक आहे. स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांना हे काम ग्रामपंचायतींच्या साहाय्याने करता येण्यासारखे आहे. जुन्या वाडीवाल्यांच्या स्मरणात कोणते झाड कोणी, केव्हा लावले याचा तपशील असतो. ही माणसे आहेत तोवरच तो कागदावर उतरू शकेल. पुढील वादळानंतर नुकसानीचा पंचनामा करणाऱ्याच्या हाती निदान एवढा कागद असावा.